त्या दोन चौकटींबद्दल: पेन्शन फंडांच्या विश्वस्तांना एक खुलं पत्र

पेन्शन फंडांचे विश्वस्त, आणि निवृत्तीच्या वेळी भरून घ्यायचा विकल्पाचा फॉर्म ज्यांच्या मंजुरीने छापला जातो ते सगळे अधिकारी आणि विमागणितज्ज्ञ यांना,

सप्रेम नमस्कार.

मी 26 वर्षं पेन्शनच्या टेबलावर काढली. निवृत्त होणाऱ्याला बोलवायचं, त्याच्या नोकरीच्या नोंदी पडताळायच्या, काही येणं बाकी नाही ना ते बघायचं आणि शेवटी तुमचा तो फॉर्म पुढे सरकवायचा. ‘इथे खूण करा, इथे सही.’ असे किती फॉर्म माझ्या हाताखालून गेले याचा हिशेब मी ठेवलेला नाही. एका फॉर्मला किती वेळ लागायचा ते मात्र सांगू शकतो, कारण दारात पुढचा माणूस घड्याळ बघत उभा असायचा.

एकाचं सांगतो. वर्कशॉपमध्ये जन्म गेलेला माणूस, बोटांच्या पेरांत काळं मुरलेलं. खिशातलं पेन चालेना म्हणून माझं घेतलं. फॉर्मवर दोन चौकटी. डावीकडे एकरकमी पैसे, उजवीकडे दरमहा पेन्शन. त्याने दोन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं, परत एकदा फिरवलं, मग मान वर करून विचारलं, ‘साहेब, बाकीचे काय करतात?’

मी म्हणालो, ‘बहुतेक जण पैसे घेतात.’

खोटं नव्हतं ते. त्याने डावीकडे खूण केली, सही केली, पेन परत दिलं. एकूण चार मिनिटं. बायको बाहेर बाकावर बसली होती, कारण माझ्या टेबलापुढे एकच खुर्ची होती.

त्याचं पुढे बरं झालं की वाईट, मला माहीत नाही. कदाचित उत्तम झालं असेल. माझी तक्रार त्याच्या निर्णयाबद्दल नाहीच. तो त्याने घेतलाच नाही, याबद्दल आहे. अर्धा निर्णय तुमच्या फॉर्मने घेतला आणि उरलेला माझ्या चार शब्दांनी. माझ्या वाट्याचं ओझं मी वाहतो आहे. तुमच्या वाट्याचं तुमच्यापर्यंत पोचवावं म्हणून हे पत्र.

फॉर्मकडे एकदा नव्या नजरेने बघा. एकीकडे सहा-सात आकडी रक्कम, दुसरीकडे चार-पाच आकडी. बघणाऱ्याने जन्मात कधी एवढी मोठी रक्कम स्वतःच्या नावापुढे पाहिलेली नसते. छोटा आकडा मात्र ओळखीचा असतो, कारण तो पगारासारखा दिसतो आणि पगारापेक्षा कमी असतो. म्हणजे एक चौकट लॉटरीसारखी आणि दुसरी पगारकपातीसारखी. या दोन आकड्यांची तुलना होऊ शकत नाही, कारण दोघांची मापंच वेगळी आहेत. किलो आणि मीटर शेजारी ठेवून ‘जास्त काय ते निवडा’ म्हणण्यासारखं आहे हे.

माझ्या टेबलावरचा अनुभव सोडा, यावर रीतसर प्रयोग झालेले आहेत. गोल्डस्टीन, हर्शफील्ड आणि बेनार्ट्झी या तिघांनी 2016 मध्ये दाखवलं, की एक लाख डॉलर हातात असणं लोकांना पुरेसं वाटतं, पण त्याच्या बरोबरीचे महिन्याला 500 डॉलर हयातभर म्हटलं की ते अपुरे वाटतात. गंमत पुढेच आहे. रकमा खूप वाढवल्या की उलटं होतं. तिथे महिन्याचा आकडाच भरघोस वाटायला लागतो. म्हणजे ज्याची पुंजी लहान, त्यालाच मोठ्या आकड्याची भुरळ जास्त. आणि सांभाळून घ्यायची गरज कोणाला जास्त असते ते तुम्हाला मी सांगायला नको.

त्याआधी, 2008 मध्ये ब्राउन, क्लिंग, मुल्लैनाथन आणि व्रोबेल यांनी प्रश्नाची भाषा बदलून पाहिली. ‘दर महिन्याला किती खर्च करता येईल, आणि किती वर्षं’ अशा शब्दांत विचारलं तर बहुतेकांना हयातभराचं उत्पन्न आवडलं. तेच ‘किती गुंतवाल आणि किती परतावा मिळेल’ या भाषेत विचारलं तर बहुतेकांनी त्याऐवजी बचत खातं निवडलं. दोन्हीकडे योजना त्याच होत्या. गुंतवणूक म्हणून बघितलं, की मनात पहिली शंका येते: लवकर मेलो तर पैसे बुडाले! खर्च म्हणून बघितलं, की शंका उलटी होते: जास्त जगलो तर? माझ्या टेबलावरचे सगळे फॉर्म पहिल्या भाषेत होते. त्यांवर ‘मूल्य’, ‘रक्कम’, ‘दर’ हे शब्द होते. ‘घरखर्च’ हा शब्द मी एकाही फॉर्मवर पाहिला नाही.

लोकांना रोख पैशाची ओढ किती असते याचं सगळ्यात बोलकं उदाहरण सैन्यातलं आहे. 1992 च्या सुमारास अमेरिकेने सैन्यकपात केली तेव्हा बाहेर पडणाऱ्यांना एकरकमी पैसे किंवा वर्षावर्षाचे हप्ते अशी निवड दिली होती. हप्ते हयातभराचे नव्हते, ठरावीक वर्षांचे होते, पण हिशेबाने ते इतके सरस होते की एकरकमी घेणाऱ्याने तो पैसा वर्षाला 17 टक्क्यांहून जास्त दराने वाढवला असता तरच बरोबरी झाली असती. वॉर्नर आणि प्लीटर यांनी 65,000 हून अधिक जणांच्या निवडी तपासल्या. निम्म्याहून जास्त अधिकाऱ्यांनी आणि 90 टक्क्यांहून जास्त शिपाई-हवालदारांनी रोख घेतली. सरकारचे सुमारे 1.7 अब्ज डॉलर वाचले. हे लोक मूर्ख नव्हते. नोकरी सुटलेली, पुढचं ठरलेलं नाही, अशा वेळी हातातला पैसा धीर देतो. पण त्या धीराची किंमत त्यांना कोणी मोजून दाखवली होती का, हा प्रश्न उरतोच.

मोजून दाखवायला काही लागत नाही हो. एक उदाहरण मी घरी कागदावर केलं. समजा साठीला हातात 100 आहेत आणि फंड म्हणतो, ते आमच्याकडे ठेवा, दर वर्षाच्या शेवटी 7 देऊ, जिवंत असाल तोवर. बाहेर पडताना माणूस म्हणतो, छे, मी माझे गुंतवीन आणि स्वतःच दरवर्षी 7 काढीन. वर्षाला 5 टक्के सुटले तर 85 व्या वाढदिवसापर्यंत पुरे हप्ते निघतात, 86 व्याला थोडेफार, पुढे शून्य. व्याज 3 टक्क्यांवर घसरलं तर 79 व्या वर्षीच खडखडाट. पहिल्या हिशेबात 75 व्या वर्षी गेलेला माणूस फायद्यात आहे, त्याच्या मागे बरंच काही उरतं. 94 व्या वर्षी जिवंत असलेल्याला मात्र आठ वर्षं कोणाच्या तरी तोंडाकडे बघावं लागलेलं असतं. आपण या दोघांतले कोण, हे साठीला कोणालाच कळत नाही.

फंडाला हे परवडतं कसं, तर तुमच्याकडे एक माणूस नसतो, हजार असतात. कोण कधी जाईल ते तुम्हालाही माहीत नसतं, पण हजारांतले साधारण किती कधी जातील ते माहीत असतं. लवकर गेलेल्यांचे उरलेले पैसे जास्त जगणाऱ्यांना पुरतात. कोणताही एकटा माणूस कितीही हुशारीने गुंतवणूक करो, ही गोष्ट त्याला घरी करता येत नाही. ‘फंड माझे पैसे खातो’ ही तक्रार मी हजारदा ऐकली. वस्तुस्थिती अशी, की ते बहुतांशी दुसऱ्या कोणा नव्वदीतल्या म्हाताऱ्याला जातात, आणि तो म्हातारा तुम्ही स्वतःही असू शकता. हे एक वाक्य फॉर्मवर छापायला किती शाई लागली असती?

उलट बाजूने यात कसा मार बसतो, त्याची एक गोष्ट फ्रान्समधल्या आर्ल गावची आहे. 1965 मध्ये तिथल्या एका वकिलाने, वय 47, नव्वदीतल्या झान काल्माँ या बाईंशी करार केला: मी तुम्हाला हयातभर महिन्याला 2,500 फ्रँक देईन, तुमच्यानंतर घर माझं. सौदा बिनघोर वाटला असणार. ते गृहस्थ 1995 च्या डिसेंबरात, 77 व्या वर्षी वारले, घराच्या किमतीच्या दुपटीहून जास्त भरून. पुढचे हप्ते त्यांच्या पत्नीने भरले. बाई 4 ऑगस्ट 1997 रोजी, 122 व्या वर्षी गेल्या. एकट्याने एकट्याच्या आयुष्यावर पैज लावली की असं होतं. हजारांच्या गटात अशा बाई हिशेबात सहज सामावल्या असत्या.

जाता जाता अजून एक, कारण मला ती फार आवडते. अठराव्या शतकात फ्रान्सचं सरकार कर्ज उभारायला हयातभराची वार्षिकी, म्हणजे एकदा पैसे घेऊन दरवर्षी ठरलेली रक्कम द्यायचा करार, विकत असे, आणि वय काहीही असो, दर एकच. जिनिव्हाच्या सावकारांनी काय करावं? त्यांनी देवी येऊन बऱ्या झालेल्या, चांगल्या घरच्या निरोगी लहान मुली निवडल्या आणि वार्षिकी त्यांच्या आयुष्याला बांधली. त्या जगतील तोवर सरकारने पैसे द्यायचे! एडमंड हॅली, धूमकेतूवाले तेच, यांनी 1693 मध्येच ब्रेस्लाऊ शहराच्या जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून वयानुसार आयुर्मानाचा तक्ता करून वार्षिकीची किंमत कशी काढावी ते दाखवून ठेवलं होतं. पण तक्ता असणं वेगळं आणि तो वापरणं वेगळं. तुमच्याकडे तर त्याहून कितीतरी चांगले तक्ते आहेत. ते कपाटात आहेत, आणि फॉर्मवर दोनच चौकटी आहेत.

अर्थशास्त्रज्ञ या सगळ्याला कोडं म्हणतात. मेनाहेम यारी यांनी 1965 मध्ये गणिताने दाखवलं, की मागे ठेवायची इच्छा नसेल आणि दर रास्त असेल तर माणसाने सगळी पुंजी हयातभराच्या उत्पन्नात घालावी. वीस वर्षांनी फ्रँको मोदिग्लियानी यांनी नोबेल स्वीकारताना केलेल्या भाषणात नोंदवलं, की नोकरीतल्या सामूहिक पेन्शनखेरीज अशी वार्षिकी घेणारे अगदी विरळा. मला त्यात कोडं दिसत नाही. यारींच्या समीकरणात जावई नाही, आजार नाही, महागाई नाही आणि बुडणारी कंपनी नाही. माझ्या टेबलासमोर या चौघांपैकी कोणी ना कोणी प्रत्येकाच्या मागे उभं असायचं.

म्हणून स्पष्ट सांगतो: मी पेन्शनचा प्रचारक नाही. रोख घेणाराही पुष्कळदा बरोबर असतो. ज्याला आपला आजार माहीत आहे आणि ज्याच्यापुढे फार वर्षं नाहीत, त्याने हयातभराचं उत्पन्न घेणं म्हणजे उरलेल्या 999 जणांना देणगी देणं. (ब्रिटनमध्ये आजारी आणि धूम्रपान करणाऱ्यांना जास्त दराची वार्षिकी मिळते. आजारपणाचा एवढा एकच फायदा मी ऐकला आहे.) ज्याच्या डोक्यावर चढ्या व्याजाचं कर्ज आहे त्याने आधी ते फेडावं. ज्याला दुसरीकडून खात्रीचं उत्पन्न आहे त्याला दुसऱ्या खात्रीची तेवढी गरज नसते. आणि महागाई! दरवर्षी 6 टक्क्यांनी किमती वाढल्या तर 12 वर्षांत त्याच पेन्शनमध्ये निम्मं सामान येतं. फॉर्मवर ‘आयुष्यभर निश्चित रक्कम’ असं ठळक अक्षरात लिहिलेलं असतं. रक्कम निश्चित असते, खरं आहे. तिच्यात काय काय येईल ते निश्चित नसतं, आणि ही गोष्ट कुठेच लिहिलेली नसते. वाढत्या पेन्शनचा पर्याय असेल तर तो सुरुवातीला इतका बारीक आकडा दाखवतो की कोणी त्याच्याकडे वळूनही बघत नाही.

हमीचंही तसंच. हमी देणारा टिकला तर हमी टिकते. 1991 मध्ये कॅलिफोर्नियात एक्झिक्युटिव्ह लाइफ ही विमा कंपनी नियामकाला ताब्यात घ्यावी लागली आणि तिच्या भरवशावर पेन्शन घेणाऱ्यांचे हप्ते काही काळ कापले गेले. ब्रिटनची इक्विटेबल लाइफ ही तर जुनी, नावाजलेली संस्था. पूर्वी देऊन ठेवलेल्या वार्षिकीच्या दराच्या हम्या तिला झेपेनात, त्या पाळायच्या की नाही यावर प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, निकाल विरोधात लागला आणि डिसेंबर 2000 मध्ये तिने नवीन ग्राहक घेणं बंद केलं. आपली हमी कोणाची आहे, ती संस्था बुडाली तर मागे कोण उभं आहे आणि किती रकमेपर्यंत, या तीन गोष्टी विचारायचा हक्क सही करणाऱ्याला आहे. माझ्याकडे 26 वर्षांत दोघांनी विचारलं. मला उत्तर माहीत नव्हतं. मी वर विचारलं, वरच्यांनी त्यांच्या वरच्यांना विचारलं, आणि दोघंही उत्तर यायच्या आधी निवृत्त होऊन गेले.

लोकांच्या हातात रोख दिली की ते उधळतात, असं तुमच्यापैकी काहींना मनातून वाटतं, हेही मला माहीत आहे. बैठकीत ऐकलेलं आहे. ब्रिटनमध्ये 2014 च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी वार्षिकी घेण्याची अप्रत्यक्ष सक्ती काढली आणि एप्रिल 2015 पासून लोकांना आपली पुंजी हवी तशी काढायची मोकळीक मिळाली. तेव्हाचे पेन्शनमंत्री स्टीव्ह वेब यांनी, कोणी लॅम्बोर्गिनी गाडी घेतली तर तो ज्याचा त्याचा प्रश्न, अशा अर्थाचं बोलून मोठी चर्चा ओढवून घेतली. मग झालं काय? वार्षिकीची विक्री कोसळली, हे खरं. पण तिथल्या वित्तीय नियामकाने पाहणी केली तेव्हा आढळलं, की पूर्ण काढून घेतलेल्या पुंज्यांपैकी निम्म्याहून अधिक खर्च झालेल्याच नव्हत्या. लोकांनी त्या दुसऱ्या बचतीत किंवा गुंतवणुकीत हलवल्या होत्या, आणि त्यामागे पेन्शन संस्थांवरचा अविश्वास हे एक कारण होतं. सगळे काही गाड्या घ्यायला धावले नाहीत. पुष्कळांनी आपले पैसे तुमच्यापासून लांब नेऊन ठेवले.

हे वाचून तुम्हाला लागलं असेल तर बरंच आहे.

कारण हा अविश्वास कमावलेला आहे. 2012 मध्ये फोर्ड आणि जनरल मोटर्सने अमेरिकेत आपल्या हजारो निवृत्तांना पत्रं पाठवली: तुमची पेन्शन एकरकमी विकत घेतो, अमुक तारखेच्या आत कळवा. तशी लाटच आली. तिथल्या संसदेसाठी हिशेब तपासणाऱ्या जीएओ या कार्यालयाने जानेवारी 2015 च्या अहवालात असे 11 माहितीसंच तपासले, आणि त्यांत निर्णयाला लागणारी महत्त्वाची माहिती गायब किंवा अस्पष्ट असल्याचं सांगितलं. एकरकमी रक्कम कोणत्या व्याजदराने काढली, पेन्शनच्या तुलनेत ती किती पडते, या साध्या गोष्टी. आता व्याजदराचं बघा. दर चढले की एकरकमी रक्कम आटते, कारण भविष्यातले हप्ते आजच्या भावात कमी किमतीचे ठरतात. 2022 मध्ये दर वेगाने चढले तेव्हा अशा रकमा चांगल्याच घसरल्या. पेन्शनचा हप्ता तोच, माणूस तोच, नोकरीची वर्षं तीच. काही महिने आधी सही करणाऱ्याला जास्त, नंतरच्याला कमी. माझ्यासमोर कोणी येऊन ‘शेजारच्याला जास्त कसे मिळाले?’ म्हणालं, की मी ‘नियमाप्रमाणे’ म्हणायचो. नियम काय ते मलाही नीट माहीत नव्हतं.

साठलेल्या रकमेची पेन्शन कोणत्या दराने करायची, हे ज्या देशांत उजेडात असतं तिथे माणसं त्यावर भांडतात. स्वित्झर्लंडमध्ये नोकरीतल्या पेन्शनच्या सक्तीच्या भागासाठी किमान दर कायद्यात लिहिलेला आहे: 6.8 टक्के. म्हणजे 100 फ्रँक साठलेले असतील तर वर्षाला 6.80, हयातभर. तो 6 टक्क्यांवर आणायचा प्रस्ताव सप्टेंबर 2024 मध्ये सार्वमताला गेला आणि मतदारांनी फेटाळला. त्यांचा दर जास्त की कमी, तिथल्या तरुणांवर त्याचा भार पडतो की नाही, हा वाद वेगळा. मला एवढंच दिसतं, की तिथे हा आकडा माणसांच्या तोंडी आहे.

आता ज्या कामासाठी लेखणी उचलली ते. एका सहकाऱ्याची बायको आली होती, तो गेल्यावर सात आठवड्यांनी. प्लास्टिकच्या पिशवीत मृत्यूचा दाखला, पासबुक आणि घड्या पडून फाटायला आलेली फॉर्मची प्रत. म्हणाली, ‘या महिन्याची जमा झालेली नाही.’ मी प्रत उघडली. त्याने पेन्शन निवडली होती, म्हणजे शहाण्यांच्या मते योग्य तेच केलं होतं. पण खूण ‘केवळ स्वतःच्या हयातीपर्यंत’ या ओळीवर होती. तिच्या खालची ओळ ‘स्वतःच्या आणि जोडीदाराच्या हयातीपर्यंत’. खालच्या ओळीतला आकडा साधारण दहाव्या हिश्शाने कमी होता. त्याने मोठा आकडा निवडला. सगळेच निवडतात.

तिने आवाज चढवला नाही की रडली नाही. ‘हे कुठे लिहिलंय?’ एवढंच विचारलं. लिहिलेलं होतं. मागच्या पानावर, तळटिपेत, कलम क्रमांकासह. मी बोट ठेवून दाखवलं. तिने चष्मा काढून कागद डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ वाचत राहिली. ते अक्षर किती बारीक आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

अमेरिकेत 1984 पासून कायदा आहे, की विवाहित माणसाला जोडीदाराची पेन्शन सोडायची असेल तर जोडीदाराची लेखी संमती लागते, आणि ती साक्षीदारासमोर. स्वित्झर्लंडमध्ये एकरकमी पैसे काढायला जोडीदाराची लेखी संमती लागते. म्हणजे हे जगावेगळं काही नाही, चाळीस वर्षांपूर्वीच सुचलेलं आहे. ज्या फंडांना कायद्याने असं बंधन नाही, त्यांनी ते स्वतःहून घालून घ्यायला काय हरकत आहे? दोघांपैकी कोणीतरी एक मागे राहणारच. प्रत्येकाची नव्वदी गाठायची शक्यता समजा तीनात एक आहे. तर दोघांपैकी निदान एक जण नव्वदी गाठण्याची शक्यता निम्म्याहून जास्त निघते, नऊपैकी पाच. साठीला बसलेलं जोडपं जेव्हा ‘आपण काय नव्वदीपर्यंत जगतोय’ म्हणतं, तेव्हा ते दोन वेगवेगळी माणसं आहेत हे विसरलेलं असतं.

तर फॉर्म बदला. एका बाजूला एकरकमी रक्कम छापता ना, तिच्या खाली लिहा की ती 70 व्या, 80 व्या, 90 व्या वर्षी साधारण किती उरेल, पेन्शनइतकाच खर्च करत गेल्यास. पेन्शनच्या खाली लिहा की महागाई अमुक दराने वाढली तर त्याच वर्षांना तिच्यात आजच्या भावाने किती येईल. दोन्ही बाजूंचं माप एकच होऊ द्या: त्या वयाला घरात महिन्याला येणारा पैसा. व्याजदर कोणता धरला ते लिहा. हमी कोणाची ते लिहा. तळटीप वर आणा.

सगळं किंवा काहीच नाही, हा हट्ट सोडा. काही भाग रोख, उरलेली पेन्शन, अशी तिसरी चौकट ठळकपणे द्या. आहे ती, पण चौथ्या पानावर. आजारपणाला, डोक्यावरच्या कर्जाला थोडी रक्कम हाताशी, आणि जगायला दरमहाचा पैसा, ही बहुतेकांची खरी गरज असते. मी स्वतः तेच केलं. एक तृतीयांश काढले, बाकीची दोघांच्या हयातीची पेन्शन घेतली. आकडा बघून माझाही हात क्षणभर अडखळला, हे कबूल करतो. आतली माहिती असूनही मोठ्या चौकटीची ओढ लागतेच. निवृत्तीनंतर नात्यातले दोघे हातउसने मागायला आले, तेव्हा ‘सगळी पेन्शनला लावली’ हे उत्तर फार उपयोगी पडलं. साठलेल्या रकमेवर सगळ्यांची नजर असते. महिन्याच्या पेन्शनकडे कोणी हात पसरत नाही.

आणि म्हातारपणी डोकं चालेनासं झालं तर काय, हा विचार साठीला कोणी करत नाही, कारण तेव्हा डोकं उत्तम चालत असतं. रोख पैसे सांभाळणं ही पुढच्या तीस वर्षांची नोकरी आहे: कुठे ठेवायचे, कधी मोडायचे, फोनवर गोड बोलणाऱ्याला काय सांगायचं. पेन्शनवाल्याला वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, बस्स. 85 व्या वर्षी या दोन्हीतलं काय झेपेल, हा प्रश्न फॉर्मवर असावा. त्याला चौकट नको, नुसता प्रश्न छापा.

मुदतही वाढवा. एकदा सही झाली की कायमची, असा निर्णय चार मिनिटांत करून घेऊ नये. फॉर्म घरी न्यायला द्या. सही झाल्यावरही काही आठवडे मन बदलायची मुभा ठेवा. टेबलावरच्या कारकुनाला ‘बाकीचे काय करतात’ या प्रश्नाचं उत्तर द्यायला मनाई करा आणि त्याऐवजी काय विचारायचं ते शिकवा: घरात कोण कोण आहे, कर्ज किती, तब्येत कशी, तुमच्या मागे कोण. मला कोणी शिकवलं नव्हतं. शिकवलं असतं तर मी तेही तितक्याच इमानाने केलं असतं.

एक शेवटचं, आणि याला ना मंजुरी लागेल ना छपाई. पेन्शनच्या टेबलापुढे एक खुर्ची असते, तिथे दोन ठेवा. बाहेर बाकावर जे माणूस बसलेलं असतं, त्याला आत बोलवा आणि कागद त्याच्याकडे वळवून ठेवा.

आपला,
पेन्शन विभागातून निवृत्त झालेला एक कारकून